जुनी एमजीबी गरम झाल्यावर बंद पडते? दोष शोधण्याचा क्रम

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं (1962 ते 1980) 1798 सीसीचं इंजिन दणकट आहे. तरी गंजकाम, रंगकाम उरकून गाडी रस्त्यावर आली की एक दुखणं अनेकदा उरतंच: थंड असताना छान चालते, वीस मिनिटांनी झटके मारते, बंद पडते आणि गार झाली की पुन्हा सुरू होते. अशा वेळी हात पहिल्यांदा कार्ब्युरेटरकडे (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे) जातो. तो सगळ्यात शेवटी उघडा. या गाडीच्या एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरच्या माथी मारलेले बरेच दोष इग्निशनमध्ये (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेत) सापडतात, आणि नीट लागलेला कार्ब्युरेटर उगाच फिरवला की एकाचे दोन दोष होतात.

सुरुवात अर्थिंगपासून, म्हणजे करंटच्या बॅटरीकडे परतण्याच्या वाटेपासून. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून त्याला बॉडीशी जोडणारी जाड अर्थ पट्टी महत्त्वाची. ती तुटली किंवा नव्या रंगावरच आवळली की स्टार्टरचा करंट चोक आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली, तर आधी ही पट्टी बघा. मोजून खात्री करा: मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थ टोकाला, दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला लावा, इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाची) वायर काढा आणि सेल्फ मारा. 0.3 व्होल्टच्या वर आकडा गेला तर जोड घासून धातू उघडा करा. 1967 पर्यंतच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेल्या, आहेत, हे विसरू नका. त्यानंतरही काही वर्षं 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या येत. त्यांना जोडणारी केबल सैल असली तरी हाच त्रास होतो.

पुढची तपासणी गाडी बंद पडल्या पडल्याच करायची. गार झाल्यावर सगळं ठीकच दिसतं.

चावी ऑन करून मागच्या पेट्रोल पंपाचा आवाज ऐका. थोडी टकटक होऊन थांबला तर फ्लोट बाऊल (कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या वाट्या) भरलेत, पेट्रोल येतंय. टकटक थांबतच नसेल तर पंप हवा ओढतोय, टाकी रिकामी आहे किंवा बाऊलमध्ये येणारं पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह गळतोय. अजिबात आवाज नसेल तर टाकीचं झाकण उघडा; फुस्स होऊन पंप चालू झाला तर टाकीत हवा जाण्याचा मार्ग तुंबलाय. तरीही गप्प असेल तर पंपाचे पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) जळालेत किंवा त्याचा अर्थ गेलाय.

पेट्रोल येत असेल तर डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना आळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग, बघा. पॉइंटमधलं अंतर फिलर गेजने 0.35 ते 0.40 मिमी ठेवा. आतल्या हलत्या प्लेटला अर्थ देणारी छोटी विणलेली वायर बारकाईने बघा. व्हॅक्युम ॲडव्हान्समुळे (इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेमुळे) ती सतत वाकते, आवरणाच्या आत तुटते आणि वेग बदलताना स्पार्क जातो. बाहेरून ती धडधाकट दिसते, म्हणून चिमट्याने ओढून बघा. हा दोष महिनोन्महिने सापडत नाही.

रोटरची (डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या तुकड्याची) परीक्षा सोपी: डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, कॉइलची जाड वायर इन्सुलेटेड पक्कडीने रोटरच्या पितळी भागापासून 6 मिमीवर धरा आणि सेल्फ मारा. ठिणगी वारंवार रोटरवर उडाली, तर रोटर आतून शाफ्टला गळतोय; बदला. ही परीक्षा करताना आसपास पेट्रोल सांडलेलं नको. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतो. तो नवाच असला तरी निर्दोष धरू नका, दुसरा लावून बघा. साध्या कॉइलच्या प्रायमरी वेटोळ्याचा रोध सुमारे 3 ओहम असतो. बॅलास्टवाल्या (कॉइलआधी करंट कमी करणारा रोध असलेल्या) गाडीची 1.5 ओहमची कॉइल थेट 12 व्होल्टवर लावली तर ती तापून मरते.

एवढं झाल्यावरच कार्ब्युरेटर. डॅशपॉटमध्ये (कार्ब्युरेटरच्या वरच्या उभ्या नळीत) 20 ग्रेडचं इंजिन ऑइल आहे ना ते बघा. कार्ब्युरेटर आणि त्याला इंजिनशी जोडणाऱ्या मॅनिफोल्डमधली उष्णतारोधक ठोकळी व पत्रा जागेवर नसतील तर पेट्रोल बाऊलमध्येच उकळतं. नव्याने जुळवलेल्या गाडीत ते विसरलेले आढळतात. कार्ब्युरेटर एसयूच्या एचएस 4 मॉडेलचे असतील तर दोन्हींचे जेट (पेट्रोल सोडणाऱ्या नळ्या) पुलाशी, म्हणजे पिस्टनखालच्या सपाट उंचवट्याशी, समपातळीत करून जेटचे षटकोनी नट प्रत्येकी 12 बाजू, म्हणजे दोन फेरे, खाली उतरवा. मग गरम इंजिनवर कार्ब्युरेटरचा पिस्टन जेमतेम 1 मिमी उचला. इंजिनचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रणात पेट्रोल जास्त, लगेच पडला तर कमी. क्षणभर वाढून जागेवर आला की बरोबर.

मग अर्धा तास चालवा, दहा मिनिटं बंद ठेवा आणि पुन्हा सुरू करून बघा.