औषध चालू असलेल्या जनावराचं शेण कसं कुजवावं

जनावराला दिलेल्या अँटिबायोटिकचा मोठा वाटा अंगात न मोडताच शेण-मूत्रातून बाहेर पडतो. सोबत त्या औषधाला पुरून उरलेले जिवाणूही येतात आणि त्यांची प्रतिकाराची जनुकं आजूबाजूच्या जिवाणूंमध्ये सहज शिरतात. असं ओलं शेण थेट शेतात पडलं की हे सगळं मातीत जातं, तिथून पाण्यात. म्हणून आधी ते चांगलं तापवून कुजवायचं.

उपचाराच्या पहिल्या दिवसापासून औषधाच्या लेबलवर दिलेला वर्ज्य काळ (दूध-मांस वापरू नये असे दिवस) संपेपर्यंत त्या जनावराचं शेण वेगळं काढा. बायोगॅसच्या टाकीत ते नको. औषधाने गॅस करणारे जिवाणू मंदावतात, शिवाय टाकीतली ऊब रोगजंतू मारायला पुरत नाही. उपचारातलं दूध वासरांना पाजणं तर फारच वाईट, कारण औषधाचा हलका डोस रोज पोटात गेला की प्रतिकारक्षम जिवाणू तिथेच फोफावतात.

ढिगाची जागा विहिरीपासून लांब, उंचवट्यावर आणि पाणी न झिरपणारी हवी. दोन घमेली शेणाला एक-दीड घमेलं कोरडा पालापाचोळा किंवा बोटभर लांबीची कुट्टी मिसळा. मूठभर माल घट्ट दाबला की बोटांच्या फटीत ओल दिसावी, फार तर एखाद-दुसरा थेंब गळावा. उंची किमान सव्वा मीटर ठेवा. लहान ढीग उष्णता धरत नाही आणि बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं.

लांब दांडीचा थर्मामीटर मध्यापर्यंत खुपसून रोज तापमान लिहून ठेवा. 55 अंश सेल्सिअस किंवा जास्त, किमान 15 दिवस, आणि तेवढ्या काळात 5 वेळा पलटी. बाहेरचा थर आत गेलाच पाहिजे. वरचा वीतभर भाग एरवी पुरेसा तापत नाही. पारा 65च्या पुढे गेला तर लगेच पलटी मारा. सडका वास आला तर ओल जास्त झाली आहे, कोरडा माल वाढवा. आत राखेसारखं पांढरं, कोरडं दिसलं तर पाणी शिंपडा. खाली झिरपलेलं पाणी सुरुवातीच्या दिवसांतच ढिगावर परत टाका. तापून झालेल्या ढिगावर ते पडलं, किंवा ओल्या शेणाचं फावडं न धुता त्यात घातलं, की जंतू पुन्हा आत.

मग दोन महिने झाकून मुरू द्या. टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक या उष्णतेत बरंचसं मोडतं. एन्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं मात्र शेणाला चिकटून टिकतात आणि काही प्रतिकारक जनुकंही मागे उरतात. त्यामुळे कच्च्या खायच्या भाज्यांना हे खत घालू नका. फळझाडांच्या आळ्यात मातीआड करा, तेही जोराचा पाऊस तोंडावर नसताना.