एम.एस्सी. नर्सिंगला जावं की नको? फॉर्म भरण्याआधीचा हिशोब

सलग नाइट ड्युट्या काढून घरी आल्यावर एम.एस्सी.चा निर्णय घेऊ नका. होकारही नको आणि नकारही नको. दोन दिवस झोप काढा, मग बसा. थकव्यात ‘या वॉर्डातून सुटायचंय’ आणि ‘पुढे शिकायचंय’ या दोन गोष्टी एकच वाटू लागतात. पहिली अडचण असेल तर मेट्रनकडे (परिचारिकांच्या प्रमुखाकडे) वॉर्डबदलीचा अर्ज द्या, नाहीतर नागपुरातच धंतोली-रामदासपेठेतलं दुसरं हॉस्पिटल बघा, तेवढ्यानं भागतं. त्यासाठी दोन वर्षं आणि काही लाख रुपये घालवू नयेत.

आता एका कागदावर लिहा: पाच वर्षांनी सोमवारी सकाळी नऊ वाजता मी कुठे असेन? वर्गात फळ्यापुढे, नर्सिंग सुपरिंटेंडेंटच्या खोलीत, आयसीयूत व्हेंटिलेटरशेजारी की परदेशात? उत्तर एकच हवं.

वर्ग असेल तर एम.एस्सी.ला पर्याय नाही. बी.एस्सी.वर ट्यूटर (कॉलेजातलं सर्वांत खालचं अध्यापकपद) होता येतं, पण सहायक प्राध्यापकपदासाठी एम.एस्सी. आणि तीन वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो. म्हणजे पदवी हातात पडली तरी सुरुवात बहुतेकदा ट्यूटर म्हणूनच होते.

आयसीयू असेल तर थांबा. भारतीय परिचर्या परिषदेचे एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा आहेत: क्रिटिकल केअर, नवजात शिशू, ऑन्कोलॉजी, ऑपरेशन रूम वगैरे. दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा निवासी अभ्यासक्रमही आहे. त्यातला बहुतेक वेळ थेट आयसीयूत जातो. खाटेजवळच राहायचं असेल तर हे रस्ते जवळचे.

सरकारी नोकरी हवी असेल तर आधी वय बघा. एम्सच्या नॉरसेटला (नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला) बी.एस्सी. पुरते, मूळ वेतन 44,900 रुपये (लेव्हल 7), पण खुल्या गटाची वयोमर्यादा 30 आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी एम.एस्सी.ला गेलात तर बाहेर पडेपर्यंत नागपुरातल्या मिहानच्या एम्सचं दार बंद होत आलेलं असेल. राज्य शासनाच्या भरतीत मर्यादा सैल आहे: खुल्या गटाला 38, मागासवर्गीयांना 43. परदेश असेल तर: अमेरिकेत नर्सचा परवाना देणाऱ्या एनक्लेक्स-आरएन परीक्षेसाठी एम.एस्सी. लागत नाही. आखातातल्या नोकऱ्यांत सहसा अलीकडचा, खंड न पडलेला अनुभव विचारतात, आणि विद्यार्थी म्हणून केलेली पोस्टिंग बहुतेक ठिकाणी त्यात धरत नाहीत.

पैशाचा हिशोब

फी बघून निर्णय घेणारे इथेच फसतात. खरा खर्च बुडणाऱ्या पगाराचा असतो. समजा सध्या हातात 25,000 येतात. 24 महिन्यांचे झाले 6 लाख. फी वर्षाला 1 लाख 20 हजार धरली तर 2 लाख 40 हजार. घर सोडून वसतिगृहात राहायचं असेल तर महिना 6,000 प्रमाणे आणखी 1 लाख 44 हजार. एकूण 9 लाख 84 हजार. पदवीनंतर पगार महिना 8,000 नं वाढला, तर हे पैसे भरून निघायला 123 महिने लागतील, म्हणजे दहा वर्षांहून जास्त. हे आकडे नमुन्याचे आहेत. स्वतःचे टाकून गणित पुन्हा करा. वाढीचा आकडा कॉलेजच्या माहितीपुस्तिकेतून घेऊ नका. गेल्या दोन वर्षांत तिथून बाहेर पडलेल्या तिघा-चौघांना ‘आज खात्यावर किती जमा होतात’ एवढंच विचारा.

महाडीबीटीची (राज्य शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवरची) शिष्यवृत्ती धरून चालत असाल तर एक पक्कं करा: केंद्रीय फेरीतून मिळालेली जागा आणि संस्थास्तरावर घेतलेली जागा यांना एकच नियम लागू होत नाही. शिवाय दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरायला विसरणारे दर बॅचमध्ये निघतात.

दोन वर्षांत नेमकं काय करावं लागतं

परिषदेच्या आराखड्यात दोन्ही वर्षं प्रत्येकी 1,700 तासांची आहेत. पहिल्या वर्षी नर्सिंग एज्युकेशन, अॅडव्हान्स्ड नर्सिंग प्रॅक्टिस, रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स, आणि निवडलेली स्पेशालिटी. दुसऱ्या वर्षी मॅनेजमेंट, तीच स्पेशालिटी आणि प्रबंध. नुसत्या स्पेशालिटीची प्रात्यक्षिकं पहिल्या वर्षी 650 आणि दुसऱ्या वर्षी 950 तास. हजेरी 80 टक्के लागते, आणि प्रात्यक्षिकाचे राहिलेले तास पदवीआधी भरून द्यावेच लागतात. ‘हजेरी सांभाळून घेऊ, नोकरी सुरू ठेवा’ असं कोणी सांगत असेल तर ते कॉलेज यादीतून काढून टाका. पुढे चौकशी झाली की निस्तरायला विद्यार्थीच उरतो.

प्रबंधाची भीती असेल तर ती घरबसल्या मोजता येत नाही. एखाद्या नर्सिंग कॉलेजच्या ग्रंथालयात परवानगी काढून जुने चार प्रबंध घेऊन बसा. बरेचसे एकाच साच्यातले दिसतील: शिकवण्याआधी प्रश्नावली, मग तयार केलेला पाठ, मग पुन्हा तीच प्रश्नावली आणि गुणांतला फरक. निष्कर्षाकडे जाऊ नका. परिशिष्टातली प्रश्नावली उघडा. तिचं मराठी भाषांतर, तज्ज्ञांकडून तपासणी, नैतिकता समितीची मंजुरी, हॉस्पिटलचं परवानगीपत्र ही सगळी पानं म्हणजे तुमचे महिने आहेत. प्रबंधाचा आराखडा पहिल्या वर्षाच्या नवव्या महिन्याअखेर आणि पूर्ण प्रबंध दुसऱ्या वर्षाच्या नवव्या महिन्याअखेर द्यायचा असतो. गाडी अडते ती परवानगीपत्रावर. त्यामुळे गाइड (प्रबंधाचा मार्गदर्शक) नेमला की पहिला प्रश्न नमुना, म्हणजे ज्यांच्यावर अभ्यास करायचा ती माणसं, कुठून मिळणार हा विचारा, विषय नंतर.

स्पेशालिटी आणि गाव

मेडिकल सर्जिकल सगळ्यांना हवं असतं, म्हणून पुढे स्पर्धाही तिथेच. मानसिक आरोग्य नाइलाजानं घेतलं जातं, ही आमच्या मते चूक आहे. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, म्हणजे अनुभवाची सोय गावातच. ऑन्कोलॉजीकडे ओढा असेल तर जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल जवळ आहेत. कॉलेजला विचारा: आमची पोस्टिंग प्रत्यक्षात कुठे आणि किती आठवडे? उत्तर लेखी मागा. वर्ध्याजवळच्या सावंगी-सेवाग्रामच्या कॉलेजांचा विचार असेल तर वर्ध्याला रोज रेल्वेनं ये-जा करण्याचा बेत प्रबंधाच्या वर्षात टिकणं कठीण. खोलीचं भाडं हिशोबात आधीच धरा.

मन ‘हो’ म्हणालं तर

पात्रतेला बी.एस्सी.त 55 टक्के, राज्य परिचर्या परिषदेकडची नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. अर्ज अडकतो तो अनुभवपत्रावर. पत्रात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, वॉर्ड, हॉस्पिटलच्या खाटा आणि जावक क्रमांक असावा. नोंदणीच्या आधीचे महिने अनुभवात धरू नका. पत्रावरची तारीख आणि पगाराची पहिली बँक नोंद जुळते का, ते स्वतः ताडून बघा. राजीनामा जागा पक्की झाल्यावरच द्या, आणि सरकारी सेवेत असाल तर ना-हरकत प्रमाणपत्राचा अर्ज प्रवेश प्रक्रिया सुरू होण्याआधीच पुढे सरकवा.

प्रवेश झालाय आणि सोडावंसं वाटतंय

आज काय तारीख आहे ते आधी बघा. माहितीपत्रकात प्रवेश रद्द करण्याचं कलम असतं. शेवटच्या तारखेआधी आणि नंतर सोडणं यात फीचा मोठा फरक पडू शकतो. तारीख टळून गेली असेल तर पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन टाकणं बरं, कारण अभ्यासक्रम पुरा करायला एकूण चार वर्षं मिळतात. गाइडशी पटत नाही एवढंच कारण असेल तर विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज करून गाइड बदलून मागा. सोडायचंच ठरलं तर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या आणि जमा केलेल्या मूळ कागदांची यादी त्याच अर्जाखाली लिहा. नोंदणी प्रमाणपत्र आधी परत मागा. पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत पहिल्यांदा तेच बघतात.