डिझेल पिकअपचा फिल्टर बदलताना घाण आत जाऊ देऊ नका

पिकअपचं डिझेल फिल्टर घरी बदलता येतं, अवघड काही नाही, पण माझ्या मते इथे पान्यापेक्षा फडकं जास्त महत्त्वाचं. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथे एकाच जास्त दाबाच्या पाईपातून सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं, डिझेलचं प्रेशर 1600 ते 2000 बारपर्यंत जातं आणि इंजेक्टरच्या (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) आतली फट जेमतेम काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे डोळ्याला न दिसणारा कणसुद्धा तिथे ओरखडा पाडतो. म्हणून आधी फिल्टरच्या आजूबाजूची सगळी धूळ पुसून घ्या, मगच पाईपला हात लावा. इंजिन थंड हवं, आणि जवळपास विडी-सिगारेट नको म्हणजे नकोच.

सुरुवात पाण्यापासून करा. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते फिल्टरच्या तळाशी बसतं, तिथे ड्रेनचा स्क्रू असतो. खाली पारदर्शक बाटली धरून थोडं सोडा आणि पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा, पाणी असेल तर तळाला वेगळा थर दिसेल. डिझेल पंपाला वंगणाचं काम करतं, पाणी ते करत नाही वर गंजही चढवतं, म्हणून डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला की उद्या बघू असं करू नका. दरवेळी भरपूर पाणी निघत असेल तर टाकीच तपासा.

मग जुना फिल्टर काढा. खाली वॉटर सेन्सर असेल तर तो नवीन फिल्टरला लावायचा असतो, जुन्याबरोबर फेकून देऊ नका. नव्या ओ-रिंगला (गळती अडवणारी रबराची गोल रिंग) जरासं स्वच्छ डिझेल लावा, आणि जुनी रिंग वर चिकटून राहिली नाही ना ते बघा, दोन रिंगा एकावर एक बसल्या की गळणारच.

आता खूप जण करतात ती चूक, नवीन फिल्टर मधल्या भोकातून डिझेल ओतून भरायचा. बहुतेक स्पिन-ऑन (फिरवून बसवायच्या) फिल्टरात मधलं भोक म्हणजे गाळून बाहेर पडायची बाजू, तिथून ओतलेलं न गाळता थेट पंपात जातं. त्यापेक्षा फिल्टर रिकामा बसवा, हात पंप असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबत राहा, इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ करा म्हणजे लाईन भरून एअर निघून जाते. मग स्टार्ट मारा, पण सलग 10-15 सेकंदांच्या वर नको, मध्ये मिनिटभर थांबा नाहीतर स्टार्टर तापतो.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत इंजेक्टरचे नट सैल करून एअर काढायचे, कॉमन रेलला ते अजिबात करू नका, चालू इंजिनात त्या पाईपातून उडालेली धार कातडी फोडून आत घुसते. गळती शोधायलाही हात नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. सांडलेलं डिझेल रबराच्या पाईपांवरून लगेच पुसा आणि गाडी थोडी चालवून आल्यावर फिल्टरखाली परत एकदा बघा.