नोकरी सांभाळून पुढचं शिक्षण: मुंबईतल्या शिक्षकांनी अभ्यासक्रम कसा निवडावा, प्रबंध कसा तडीस न्यावा

डी.एड. किंवा बी.एड. करून काही वर्षं वर्गात काढली की पुढे शिकावंसं वाटू लागतं. मग चौकशी सुरू होते ती फी किती आणि पेपर सोपे कुठे याची. त्याआधी एका कागदावर एकच वाक्य लिहा: माझ्या वर्गातली किंवा शाळेतली कुठली अडचण मला सोडवायची आहे? मुलं वाचत नाहीत, घरची भाषा वेगळी असल्यानं शिकवलेलं पोचत नाही, की शाळेचा कारभारच विस्कळीत आहे? पदवी, विषय आणि प्रबंध या तिन्ही गोष्टी या वाक्यावरून ठरवल्या, तर दोन वर्षांची मेहनत वर्गात उपयोगी पडते. नाहीतर हाती फक्त प्रमाणपत्र राहतं.

एम.एड. की एम.ए.?

पुढे अध्यापक महाविद्यालयात शिकवायचं असेल तर एम.एड.चा विचार करा. एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, २०१४ च्या नियमांनुसार हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. प्रवेशाला बी.एड.मध्ये किमान ५० टक्के लागतात. डी.एल.एड. आणि पदवी असलेल्यांनाही प्रवेश मिळतो, पण दोन्हींत ५० टक्के हवेत. राज्यात प्रवेश सीईटी कक्षाच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतात. मुख्य अडचण हजेरीची आहे. तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के, क्षेत्रकार्याला (शाळा-संस्थांत जाऊन करायच्या कामाला) ९० टक्के उपस्थिती लागते, म्हणजे हे पूर्णवेळ शिक्षण आहे. ‘फक्त रविवारी या, एम.एड. देतो’ असं कोणी सांगत असेल तर तिथून निघा. एकाच दिवशी, एकाच वेळी शाळेच्या मस्टरवर आणि कॉलेजच्या हजेरीपत्रकावर तुमचं नाव दिसलं, तर दोन्हीकडचे कागद एकमेकांना खोटे पाडतात, आणि त्यात पदवीबरोबर नोकरीही अडचणीत येते. एम.एड. करायचंच असेल तर रजेचं आधी ठरवा.

नोकरी सोडता येत नसेल तर शिक्षणशास्त्राचं एम.ए. बरं. इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, एम.ए. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला करता येतं. ते किमान दोन, कमाल चार वर्षांत पूर्ण करायचं असतं. प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात, प्रादेशिक केंद्र मुलुंडला आहे, माध्यम हिंदी किंवा इंग्रजी. गुणांत असाइनमेंटचा वाटा ३० टक्के आणि सत्रांत परीक्षेचा ७०. नोकरदार मंडळी मागे पडतात ती परीक्षेमुळे कमी आणि असाइनमेंट वेळेत न दिल्यामुळे जास्त. दर महिन्याला एक लिहून टाकायचीच, हा नियम स्वतःला घालून घ्या. मराठीतून शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे पर्याय बघा. मुंबई विद्यापीठात शिक्षणशास्त्र विभाग आहे आणि स्त्रियांसाठी एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत प्राथमिक शिक्षणावरचं एम.ए. २००६ मध्ये सुरू झालं. कुठेही अर्ज करताना त्याच वर्षाचं माहितीपुस्तक वाचा, दोन वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेल्या सहकाऱ्याचा शब्द प्रमाण मानू नका.

नेतृत्वाबद्दल थोडक्यात. नुसत्या पदवीनं मुख्याध्यापकपद मिळत नाही. खासगी माध्यमिक शाळांना लागू असलेल्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत शिक्षणशास्त्राच्या पदवीसोबत पाच वर्षांचा अनुभव, त्यातली किमान दोन वर्षं त्या पदवीनंतरची, आणि सेवाज्येष्ठता बघितली जाते. काम शिकायचं असेल तर मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका किंवा इग्नूची शैक्षणिक व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका पुरेशी आहे. प्रकल्पासाठी शाळा व्यवस्थापन समिती हा विषय घ्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात किमान ७५ टक्के पालक आणि ५० टक्के स्त्रिया असायला हव्यात. गेल्या वर्षीच्या सभांची इतिवृत्तं काढा आणि पालक कोणत्या विषयावर बोलले, कोणत्या ठरावावर फक्त सह्या झाल्या, ते नोंदवा.

अर्जाआधी संस्थेची किंवा प्रशासनाची लेखी पूर्वपरवानगी घ्या आणि पत्राचा जावक क्रमांक जपून ठेवा. १२ वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतरची निवडश्रेणी मागताना, किंवा सेवापुस्तकात वाढीव अर्हता नोंदवताना हाच कागद मागितला जातो. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत आणि दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र, या दोन कागदांपायी शेवटच्या दिवशी धावपळ होते.

विषय लहान घ्या

‘मुंबईतील विद्यार्थ्यांच्या वाचनकौशल्याचा चिकित्सक अभ्यास’ असा विषय घेतला की दुसऱ्या सत्रात हातपाय गळतात. त्यापेक्षा असं लिहा: ‘तिसरीच्या एका तुकडीत जोडाक्षरांच्या वाचनावर रोजच्या २० मिनिटांच्या, १२ आठवड्यांच्या सरावाचा परिणाम’. यात इयत्ता, कौशल्य, कालावधी आणि उपाय हे सगळं ठरलेलं आहे. गाईडकडे जाताना असंच एक वाक्य घेऊन जा.

वाचन तपासायची रीत नीट शिकून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं राहतं. मुलांनी न वाचलेला ८० ते १०० शब्दांचा उतारा घ्या. एक प्रत मुलाकडे, एक तुमच्याकडे. मुलाला वर्गाबाहेर शांत जागी बसवा, मोबाइलवर आवाज नोंदवा, मध्ये दुरुस्त करू नका. तुमच्या प्रतीवर चुकलेला शब्द मुलानं जसा उच्चारला तसाच लिहा. ‘गर्दी’चं ‘गदी’ झालं की ‘गद्री’, हा फरक महत्त्वाचा आहे. पहिल्यात मुलाला रफार दिसलेलाच नाही. दुसऱ्यात दिसला, पण तो ‘दी’च्या डोक्यावर काढलेला असला तरी त्याच्या आधी उच्चारायचा, हे कळलेलं नाही. दोघांना लागणारा सराव वेगळा. नुसती ‘चूक’ अशी खूण केलीत तर हा फरक हातचा जातो. पहिली वेलांटी, काना-मात्रा गळणं, र ची वेगवेगळी रूपं, पहिल्या अक्षरावरून शब्दाचा अंदाज बांधणं, असे चुकांचे रकाने करा.

वेगाची तुलना जपून करा. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरता मोहिमेत तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्दांचं लक्ष्य आहे. पण मराठीत ‘घरासमोरच्या’ हा एकच शब्द मोजला जातो, हिंदीत त्याचे तीन-चार होतात. म्हणून दोन माध्यमांच्या मुलांचे शब्द मोजून निष्कर्ष काढू नका. मिनिटाला बरोबर वाचलेली अक्षरं मोजा आणि तुलना त्याच मुलाच्या आधीच्या वाचनाशी करा.

शेवटी पाच प्रश्न विचारा: दोन थेट, दोन अनुमानाचे, एक शब्दार्थाचा. गफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र इथे कामाला येतं. वाचनाचं आकलन म्हणजे लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तरही शून्यच.

घरची भाषा वेगळी असेल तेव्हा

मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, पण माध्यमावरून मुलाची घरची भाषा कळत नाही. मराठी माध्यमाच्या वर्गात भोजपुरी, उर्दू, तेलुगू बोलणारी मुलं असतात. २०२० च्या कायद्यानं सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे इंग्रजी माध्यमाच्या शिक्षकांसमोरही हाच प्रश्न आहे. प्रवेशपत्रावरच्या ‘मातृभाषा’ रकान्यावर विसंबू नका. आजीशी कुठल्या भाषेत बोलतोस, मित्रांशी कुठल्या, रागावल्यावर आई कुठल्या भाषेत बोलते, असं मुलालाच विचारा.

घरी भोजपुरी बोलणारा मुलगा मराठी उतारा जवळपास बिनचूक वाचतो आणि एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही, असं झालं तर तितक्याच अवघड गोष्टीचं त्याला समजणाऱ्या हिंदीत तोंडी कथन करा आणि तसेच प्रश्न विचारा. भराभर उत्तरं आली, तर अडलंय ते मराठी शब्दांवर. अशा मुलाला पुन्हा बाराखडी गिरवायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि तो आपल्याकडे सर्रास होतो. त्याला धड्याआधी आठ-दहा शब्द चित्रांतून, कृतीतून आणि गप्पांतून द्या. उलट, ऐकून सगळं सांगणारं पण वाचताना अडखळणारं मूल असेल तर त्याला अक्षरांचा आणि जोडाक्षरांचा सराव हवा.

धड्याची सुरुवातीची पाच मिनिटं मुलांना घरच्या भाषेत बोलू द्या. एका भाषेची दोन मुलं शेजारी बसवा. तुम्हाला ती भाषा येत नसली तरी चालतं. मग मुख्य मजकूर मराठीत शिकवा, आणि शेवटी ‘…मुळे …झालं’, ‘आधी…, नंतर…’ असे वाक्यांचे साचे देऊन मराठीतच बोलतं करा. हा शेवटचा टप्पा गाळला तर मुलं समजून घेतात, पण मराठीत मांडत नाहीत. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांच्या मांडणीनुसार रोजच्या बोलण्याची दुसरी भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. मैदानावर फाडफाड मराठी बोलणारं मूल इतिहासाच्या पेपरात अडलं, तर त्याला आळशी ठरवू नका.

वेळापत्रक आणि लेखन

जूनमध्ये पूर्वचाचणी, म्हणजे सराव सुरू होण्याआधीची चाचणी, घेऊ नका. प्रवेश सुरू असतात आणि पावसामुळे हजेरी विस्कळीत असते. जुलैचा शेवट किंवा ऑगस्टचे पहिले आठवडे बरे. सराव गणपतीनंतर सुरू करा, दिवाळीची सुट्टी वगळून १२ आठवडे बसवा, उत्तरचाचणी जानेवारीत संपवा. होळीनंतर काही कुटुंबं गावी जातात आणि तुमची आकडेवारी अर्धवट राहते. निवडणुकीच्या कामासाठी दोन आठवडे हातचे ठेवा.

तुलनेला दुसरी तुकडी नसेल तर ‘माझ्या उपायामुळे गुण वाढले’ असं लिहू नका, कारण चार महिन्यांत मुलं एरवीही पुढे जातातच. ते कृतिसंशोधन (शिक्षकानं आपल्याच वर्गात उपाय करून पाहणं) आहे असं स्पष्ट लिहा आणि कोणत्या मुलांत कोणती चूक कमी झाली ते दाखवा. परीक्षकांना हा प्रामाणिकपणा पटतो. पालकांचं संमतिपत्र त्यांच्या भाषेत द्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. मुलांची नावं प्रबंधात घालू नका. महापालिकेची शाळा असेल तर शिक्षण विभागाची परवानगी चाचणीच्या आधी हवी.

टंकलेखन पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर, दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, आणि रूपांतर करताना नेमके रफार आणि जोडाक्षरंच बिघडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पूर्वीचे मराठी प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात मोफत वाचायला मिळतात. ते वाचताना पानाचा क्रमांक तिथल्या तिथे टिपून ठेवा. उताऱ्यांच्या मूळ प्रती आणि ध्वनिमुद्रणं निकाल लागेपर्यंत सांभाळा, कारण तोंडी परीक्षेत ‘हा आकडा आला कुठून?’ असं विचारलं जातं. निकालानंतर ध्वनिमुद्रणं पुसून टाका आणि चुकांचे तक्ते त्या मुलांच्या पुढच्या वर्गशिक्षकांना द्या.