कुत्री, व्हॅन आणि फेरी: बेळगावातून डोव्हरपर्यंतची फाईल

कुत्रं इंग्लंडला न्यायचं असेल तर फेरीची, म्हणजे गाड्या घेऊन जाणाऱ्या बोटीची, तारीख आधी ठरवा आणि तिथून उलटं मोजत या. विमानाचं तिकीट, व्हिसा, पिंजरा हे सगळं त्यानंतर. आमच्याकडं लोक याच्या नेमकं उलट करतात. मुलगा तिकडून तिकीट काढून मोकळा होतो आणि इकडं आईबाप कुत्र्याला घेऊन डॉक्टरकडं धावतात. तोवर तीन महिने हातातून गेलेले असतात.

मी हायस्कूलच्या ऑफिसात दाखले लिहिता लिहिता निवृत्त झाले, त्यामुळं कागद दिसला की आधी तारीख आणि स्पेलिंग बघायची खोड आहे. लेक इंग्लंडात, आणि तिची दोन कुत्री टिळकवाडीत माझ्या गळ्यात. राणी मुधोळ जातीची, उंच आणि काटकुळी. बंडू अनगोळ रस्त्यावर सापडलेला गावठी. ही दोघं तिकडं पोचवली, आणि तेव्हापासून खानापूर-निपाणीपर्यंतचे लोक फोन करून विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी वाट कुठली ते. विमानानं कुत्रं थेट लंडनला न्यायचं तर ते कार्गो म्हणून जातं, आणि तो खर्च ऐकला की माणूस खुर्चीत बसतो. म्हणून पुष्कळ जण पॅरिस किंवा अॅम्स्टरडॅमपर्यंत विमानानं जातात, तिथं घरचं कुणीतरी व्हॅन घेऊन येतं आणि पुढं समुद्र फेरीनं पार करतात. आम्ही पॅरिस आणि फ्रान्समधलं कॅले ते इंग्लंडातलं डोव्हर ही फेरी धरली. पाण्यावरचा वेळ साधारण दीड तास. दाभोळ-धोपाव्याला जशी गाडी जेटीवरून आत घालतात तशीच इथंही घालायची, फक्त आत घालण्याआधी दोन देशांचे लोक तुमची फाईल उघडतात. (नागपट्टणमहून श्रीलंकेला जाणारी आपली फेरी यात धरू नका. ती माणसांपुरती आहे, गाडी घेत नाही.)

आता मोजणी. समजा फेरी २० नोव्हेंबरची आणि पॅरिसला उतरणं १६ नोव्हेंबरचं. रेबीजच्या बाबतीत सवलत असलेल्या देशांच्या युरोपच्या आणि ब्रिटनच्या यादीत भारत नाही, म्हणून लस लागू पडली का ते बघायला आपल्या कुत्र्याच्या रक्ताची तपासणी लागते, आणि रक्त काढल्यापासून आत शिरेपर्यंत पुरते तीन महिने जावे लागतात. म्हणजे रक्त १६ ऑगस्टच्या आधी. रक्त काढण्याच्या किमान ३० दिवस आधी रेबीजची लस, म्हणजे १७ जुलैच्या आधी. आणि लसीच्या आधी, फार तर त्याच दिवशी पण सुईच्या आधी, मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायचा ओळख क्रमांकाचा दाणा. पिल्लू असेल तर लस बारा आठवड्यांच्या आत चालत नाही, त्यामुळं तिथं आणखी थांबा. मी तर या प्रत्येक तारखेला वर पंधरा दिवस धरते. पावसाळ्यात बेळगावात काय काय बंद पडतं ते सांगायला नको.

चिप आधी आणि लस नंतर, ही एकच गोष्ट या सगळ्याचा पाया. चिप नसताना दिलेली लस तिकडच्या हिशोबानं दिलेलीच नाही. कुत्र्याला दरवर्षी नेमानं लस दिली असली तरी चिप बसवून पुन्हा पहिल्यापासून. चिप आयएसओ ११७८४/११७८५ प्रकारची, पंधरा आकडी हवी. तिचे स्टिकर मिळतात. एक लसीच्या पुस्तकात, एक रक्ताच्या फॉर्मवर, एक आपल्या वहीत. आकडे हातानं लिहायची वेळ आणूच नका. तरी एका दवाखान्यात राणीच्या पुस्तकात चिपच्या तारखेच्या रकान्यात लसीनंतरच्या आठवड्याची तारीख पडली होती. मी बोट ठेवलं तर तिथला मुलगा म्हणतो, "अक्का, एवढं कोण बघूलंय तिकडं?" बघतात. तेवढंच बघतात. तिथंच उभं राहून खोडून घेतलं, शेजारी सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. आणि लस टोचण्याआधी डॉक्टरांना स्कॅनर फिरवून नंबर मोठ्यानं वाचायला सांगा. चिप कातडीखाली सरकते, कधी खांद्याकडं जाते. मानेवर शोधत बसलं तर सापडत नाही.

रक्ताची नळी युरोपीय संघाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतच गेली पाहिजे. रेबीजविरुद्धच्या प्रतिपिंडांचा निकाल ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलिलिटर किंवा त्याहून वर हवा. रिपोर्ट हातात आला की पहिल्यांदा आकडा बघू नका, आधी चिपचा नंबर आणि रक्त काढल्याची तारीख बघा. एक जमेची बाजू: त्यानंतर रेबीजचा डोस कधीच चुकवला नाही, तर ही तपासणी पुन्हा करावी लागत नाही. म्हणून बूस्टरची तारीख उलटू देऊ नका. एक दिवस जरी उलटला तरी गाडी परत लस, ३० दिवस, रक्त, तीन महिने अशी सुरुवातीपासून.

जाण्याआधीच्या दहा दिवसांचा कागद सगळ्यांत घाईचा. केंद्र सरकारच्या अॅनिमल क्वारंटाईन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेसचा सरकारी डॉक्टर आरोग्य प्रमाणपत्रावर सही करतो. बेळगावकरांना बंगळूर किंवा मुंबई, विमान जिथून असेल तिथलं ऑफिस धरा. कुत्री घेऊनच जायचं असतं. कागद दोन लागतात: युरोपचा, जो उतरायच्या देशाच्या भाषेत आणि इंग्रजीत असतो, म्हणजे पॅरिससाठी फ्रेंच-इंग्रजी, आणि ब्रिटनचा वेगळा. युरोपच्या कागदावर सही झाल्यापासून दहा दिवसांत युरोपात पोचायचं, ब्रिटनच्या कागदावर दहा दिवसांत ब्रिटनमध्ये. आपल्या उदाहरणात १२ नोव्हेंबरला दोन्ही सह्या घेतल्या तर दोन्ही बसतात. ५ तारखेला घेतल्या तर एकही बसत नाही. फेरी नोव्हेंबरच्या सुरुवातीची असेल तर १ नोव्हेंबर लक्षात असू द्या. कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी आणि आपण सीमाभागातले मराठी लोक पाळतो तो काळा दिवस एकाच तारखेला. त्या दिवशी गावात कुठलंच काम होत नाही.

मग जंताचं औषध. ब्रिटनमध्ये शिरताना टेपवर्मचं औषध २४ तासांपेक्षा जास्त आणि १२० तासांपेक्षा कमी आधी दिलेलं असावं लागतं. नियम तासांचा आहे. फेरी २० तारखेला दुपारी बारा वाजता डोव्हरला लागणार असेल, तर औषध १५ च्या दुपारी बारापासून १९ च्या दुपारी बारापर्यंत. घरून निघताना दिलं तर वेळ उलटायची भीती, म्हणून आम्ही ते फ्रान्समध्ये उतरल्यावर दिलं. वाटेतल्या गावातल्या डॉक्टरची वेळ लेकीनं आधीच घेऊन ठेवली होती. औषधात प्राझिक्वान्टेल हवं. कागदावर औषधाचं नाव, तारीख, घड्याळातली वेळ, सही, शिक्का हवा. वेळेचा रकाना डॉक्टर विसरतात.

आता नावं, इथं माझा जीव रमतो. लसीचं पुस्तक लेकीच्या माहेरच्या नावाचं, पासपोर्ट सासरच्या नावाचा, आणि विमानात बसणार मी. विमानात जो बसणार त्याचंच नाव मालक म्हणून असलं तर सगळं सोपं. तसं नसेल तर मालकानं लिहून दिलेलं संमतीपत्र हवं, आणि मालकानंही कुत्र्याच्या आधी किंवा नंतर पाच दिवसांच्या आत तोच प्रवास करायचा. पाच दिवस ओलांडले किंवा पाचापेक्षा जास्त प्राणी झाले, की ती व्यापारी वाहतूक धरतात आणि नियमच बदलतात. गावाच्या नावाचंही बघा. १ नोव्हेंबर २०१४ ला इंग्रजीत शहराचं नाव बदललं, तेव्हा जुन्या कागदांवर बेलगाम आणि नव्यांवर बेळगावी. पासपोर्टावर जे असेल ते राहू द्या, त्याच्या मागं लागू नका, पण कुत्र्यांच्या सगळ्या कागदांवर पत्त्याचं स्पेलिंग एकच ठेवा. जातीचंही तसंच. राणीसारख्या कुत्र्याची केनेल क्लब ऑफ इंडियाकडं कॅराव्हान हाउंड म्हणून नोंद होते आणि आपल्याकडचा डॉक्टर मुधोळ हाउंड लिहितो. दोन्ही बरोबर, पण एका फाईलीत एकच. बंडूचा जन्म कुणी बघितला? डॉक्टरांनी दातांवरून अंदाज केला तीच तारीख सगळीकडं. महापालिकेचा किंवा पंचायतीचा कन्नड कागद जोडायचा असेल तर इंग्रजी भाषांतर नोटरी करून घ्या.

माणसांचं थोडक्यात. फ्रान्समध्ये उतरायचं म्हणजे शेंजेन, म्हणजे युरोपातल्या पुष्कळ देशांना मिळून चालणारा, व्हिसा, पुढं ब्रिटनचा व्हिसा. पासपोर्ट एक आणि व्हिसा दोन, म्हणजे पासपोर्ट एका वेळी एकाच ठिकाणी अडकतो. मी ब्रिटनचा आधी घेतला, कारण तो हातात असला की फ्रान्सवाल्यांना पुढचा प्रवास दाखवता येतो. शेंजेनचा अर्ज जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो, विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. परतताना पुन्हा फ्रान्समार्गे यायचं असेल तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा मागा. लेक-जावयांचे पासपोर्ट भारतीयच असतील तर त्यांनाही शेंजेन लागतो. ब्रिटनमध्ये राहतात म्हणून फ्रान्स मोकळं होत नाही. हे पुष्कळांना तिथं बंदरावर कळतं.

व्हॅनचं जावयांनी बघितलं, पण फाईल मीच लावली. व्ही५सी नावाचं त्यांचं आरसी बुक, मूळ प्रत. भाड्याची व्हॅन असेल तर त्याऐवजी व्हीई१०३. विम्याचा कागद, लायसन्स, मागं 'यूके' स्टिकर. जुना 'जीबी' स्टिकर सप्टेंबर २०२१ पासून चालत नाही. विम्याचं ग्रीन कार्ड युरोपीय संघात आता लागत नाही. बुकिंगमध्ये व्हॅनची उंची टपावरच्या पेटीसकट मोजून लिहा, आणि कुत्री किती तेही त्याच वेळी लिहा.

कॅलेला तीन तपासण्या असतात: कुत्र्यांचे कागद, फ्रेंच पोलीस आणि ब्रिटनचे सीमा अधिकारी. ब्रिटनची पासपोर्ट तपासणी फ्रान्सच्याच जमिनीवर होते, डोव्हरला नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंजेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे, त्यामुळं वेळ हाताशी ठेवून पोचा. कुत्र्याचा स्कॅनर बऱ्याचदा खिडकीतून आपल्याच हातात देतात. राणीच्या मानेवर मी फिरवला, काही नाही. डाव्या खांद्यावर आणला तेव्हा टिक् झालं. चिप कुठं सरकली ते आधी माहीत असलं की मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकावे लागत नाहीत. प्रत्येक कुत्र्याची वेगळी प्लास्टिक फाईल ठेवा, वर फोटो आणि चिपचा स्टिकर. नंतर बोटीवर कुत्री बहुतेक वेळा व्हॅनमध्येच राहतात, म्हणून चढण्याआधी फिरवून आणा, आणि व्हॅनचा अलार्म बंद करा, नाहीतर ती आत हलली की कोकलत बसतो.

कुंदा नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून युरोपात नेता येत नाहीत, लेकीनं कितीही म्हटलं तरी. कुत्र्यांचं मांस घातलेलं खाणंही त्यातच येतं. ते तिकडंच घ्या.

आणि एकदा पोचलं की संपलं असं जावयांना वाटतं. पुढच्या सुट्टीत हीच व्हॅन घेऊन फ्रान्सला जायचं तर ब्रिटनमधल्या अधिकृत डॉक्टरकडून दर खेपेला नवं अॅनिमल हेल्थ सर्टिफिकेट लागतं. निघण्याआधी दहा दिवसांच्या आत घेतलेलं, नंतर काही महिने चालणारं, आणि एकाच खेपेपुरतं. परत येताना टेपवर्मचं औषध पुन्हा तासांच्या हिशोबानं. त्या डॉक्टरची फी ऐकून जावयांनी मला फोन केला होता. मी म्हटलं, बूस्टरची तारीख तेवढी कॅलेंडरवर लिहा, बाकीचं तुमचं तुम्ही बघा.