उन्हाळ्यात खिडकीतील ऑर्किडची निगा : सांगली-मिरज परिसरासाठी सल्ला

घराच्या खिडकीत ऑर्किड जोपासणाऱ्यांनी मार्च ते जूनदरम्यान उजेडापेक्षा उष्णतेची अधिक काळजी घ्यावी. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत दुपारचे तापमान ३८ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, परंतु ही नोंद सावलीतील हवेची असते. पश्चिमेच्या खिडकीतला कडप्पा आणि लोखंडी गज त्याहून बरेच तापतात आणि सूर्यास्तानंतरही ऊब सोडत राहतात. त्यामुळे पाने टवटवीत दिसत असतानाच कुंडीतील मुळे खालून शेकून निघतात. कुंडी थेट कडप्प्यावर न ठेवता लाकडी पट्ट्यांवर ठेवावी किंवा टांगावी, आणि ती काळ्या प्लास्टिकची असल्यास तिच्याभोवती ओले गोणपाट गुंडाळावे.

दक्षिणेची खिडकी सर्वांत प्रखर असते, हा सर्रास वाचनात येणारा सल्ला थंड देशांसाठी आहे. आपल्याकडे मेच्या पहिल्या पंधरवड्यात शून्य सावलीचा दिवस, म्हणजे मध्यान्ही सूर्य बरोबर माथ्यावर येण्याचा दिवस, येऊन गेला की ऑगस्टच्या आरंभापर्यंत मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे त्या काळात दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही. डिसेंबरात मात्र तेच ऊन खोलीत आतवर पोहोचते. उन्हाळ्यात पूर्वेची खिडकी उत्तम, कारण तेथील कोवळे ऊन नऊ-साडेनऊपर्यंत सोसते. पश्चिमेचीच खिडकी असेल, तर रोपवाटिकेत वापरतात ती ५० टक्के सावलीची हिरवी जाळी काचेच्या बाहेरून लावावी. आतून लावलेला पडदा ऊन अडवतो, पण तोवर उष्णता घरात आलेली असते.

दुपारी पानाला हात लावून पाहावा. ते हाताला गरम लागले, तर रोप त्याच दिवशी आत सरकवावे, कारण उन्हाने पडलेला पांढुरका डाग पुढे काळा पडतो आणि कधीच भरून येत नाही. पाने फार गडद हिरवी असतील तर उजेड कमी पडतो आहे, असे समजावे. नवशिक्यांनी डेंड्रोबियम या प्रकारच्या ऑर्किडपासून सुरुवात करावी. त्याच्या जाड कांड्यांत पाण्याचा साठा असतो. फॅलेनॉप्सिसला तशी कांडी नसते, म्हणून ते भाजण्याची भीती अधिक. उघड्या मुळांच्या वांडाला कोरड्या हवेत दिवसातून दोनदा फवारणी लागते, तेव्हा दिवसभर घराबाहेर असणाऱ्यांनी तो टाळलेलाच बरा.

यांतील बहुतेक जाती मूळच्या झाडांच्या खोडांवर वाढणाऱ्या आहेत. त्यांना बांडगूळ म्हणणे चुकीचे, कारण त्या झाडाचा रस शोषत नाहीत. खोडावरून ओघळणारे पाणी मुळांवरचे पांढरे, स्पंजासारखे आवरण टिपून घेते. म्हणून कुंडीत माती न घालता कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरावेत. पाणी सकाळी लवकर, मुळे हिरवी होईपर्यंत द्यावे आणि पानांच्या बेचक्यात साचलेले कापसाने टिपून घ्यावे. बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्यास कुंडीवर पांढरा थर धरतो; अशा ठिकाणी वळवाचे साठवलेले पाणी वापरणे श्रेयस्कर. द्राक्षबागायतदारांच्या घरी असणारे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले) खत येथेही चालते, मात्र लिटरला अर्ध्या ग्रॅमहून अधिक नको आणि मलूल रोपाला तर मुळीच नको.

कोरड्या हवेत पानांच्या खालच्या बाजूस लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड वाढते. पाने ओल्या फडक्याने दर आठवड्यास पुसावीत. कुंडी बदलण्याचे काम मात्र मृगाचा पाऊस होऊन नवी मुळे दिसेपर्यंत लांबणीवर टाकावे.