मॅचच्या दिवशी बंदूक रुसली तर

25 जुलै 2021 ला टोकियो ऑलिंपिकमध्ये नेमबाज मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं. 60 शॉट्सना 75 मिनिटं मिळतात, त्यातली पंधराहून जास्त दुरुस्तीत गेली. 575 गुणांवर ती बारावी राहिली आणि अंतिम फेरी हुकली. ऑलिंपिकला हे होऊ शकतं, तर मुंबईत वरळीच्या रेंजवर सकाळी साडेसातच्या डिटेलला (नेमबाजांच्या तुकडीला) आपल्या बंदुकीचा काय भरवसा?

म्हणून मॅचच्या आदल्या आठवड्यात मी काय काय करतो, ते सांगतो. हे 10 मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूलवाल्यांसाठी. परदेशात काही नेमबाज घरी बसून काडतुसं भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायद्यात, म्हणजे 1959 च्या कायद्यात, बसत नाही, त्यामुळे घरच्या टेबलावर करण्यासारखं काम एअर गनचंच.

सुरुवात सिलिंडरपासून, म्हणजे बंदुकीला लावलेल्या दाबाच्या हवेच्या नळकांड्यापासून, कारण सगळ्यात जास्त दगा तोच देतो. आधी त्यावरची तारीख वाचा. सिलिंडरचं आयुष्य साधारण 10 वर्षं धरतात आणि मुदत संपलेली नाही हे बघण्याची जबाबदारी नेमबाजाची असते. इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे मॅचआधी बंदूक-सामान तपासतात त्या टेबलावर ती तारीख पहिल्यांदा वाचणारे महाभाग मी पाहिलेत. मग मॅचच्या आदल्या रात्री सिलिंडर 200 बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) भरा (तुमच्या सिलिंडरवर जो आकडा असेल तो, त्याच्या वर नाही), सावकाश भरा, आणि गेजवरचा आकडा वहीत टिपा. घाईने भरलेली हवा गरम असते, ती थंड झाली की काटा थोडा खाली येतोच. त्याने घाबरू नका. सकाळी काटा त्याहून बराच खाली दिसला तर मात्र कुठेतरी सील गळतंय. साबणाच्या पाण्याचा एक थेंब सांध्यावर सोडा, बुडबुडे सांगतील.

सील म्हणजे ओ-रिंग, सांध्यात बसणारी रबराची गोल कडी. इथे माझी एक फजिती. एकदा गळती सापडली, बंदुकीच्या कंपनीचा ओ-रिंग यायला तीन आठवडे लागणार होते, म्हणून मुंबईच्या हार्डवेअर बाजारातून, नागदेवी स्ट्रीटवरून त्याच मापाचा, दिसायला सख्ख्या भावासारखा ओ-रिंग आणला. दहा रुपयांत काम झालं म्हणून मी खूश. दुसऱ्या दिवशी पंचविसाव्या शॉटला फुस्स. माप बरोबर होतं, रबर मऊ होतं. एवढ्या दाबाला कडक रबर लागतं. दुकानदाराची चूक नाही, मी त्याला नळाचा ओ-रिंग मागावा तसा मागितला होता. तेव्हापासून मूळ सीलचा एक पूर्ण संच डबीत असतोच. लावताना सिलिकॉन ग्रीसचा हलका हात पुरे. शिवणयंत्राचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे हवेच्या बाजूला अजिबात नको. दाबाखाली तेलाची वाफ पेट घेऊ शकते. आणि काहीही खोलण्याआधी दाब पूर्ण उतरवा.

पेटीत आणखी काय? बंदुकीच्या स्क्रूंना बसणाऱ्या ॲलन की, अख्खा सेट नको, नेमक्या लागणाऱ्या तीन-चार. क्लीनिंग रॉड, क्लीनिंग पेलेट (नळी पुसायच्या मऊ गोळ्या), बारीक चिमटा, छोटी टॉर्च, चिकटपट्टी. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर नवी बॅटरी, आणि ती आधी घालून तपासलेली. साइटचे, म्हणजे नेम धरायच्या भागात बसणारे छोटे सुटे इन्सर्ट एका झाकणाच्या डबीत, कारण रेंजच्या फरशीवर पडलेला इन्सर्ट परत मिळत नाही, हा माझा अनुभव. भरलेला दुसरा सिलिंडर असेल तर उत्तमच. पिस्तूलवाल्यांनी ट्रिगरला हात लावला असेल तर ट्रिगर 500 ग्रॅमचं वजन उचलून धरतो का ते घरीच बघावं, कंट्रोलच्या टेबलावर नको.

एवढं सामान घेऊन गेलं तरी लाइनवर, म्हणजे जिथून नेम मारतो तिथे, दुरुस्ती करत बसू नये, असं माझं ठाम मत आहे. बदलता येईल ते बदलायचं. सिलिंडर बदला, बॅटरी बदला, इन्सर्ट बदला. ट्रिगर युनिट खोलायचा मोह झाला तर हात मागे घ्या, दुसरी बंदूक मागा. त्यासाठी क्लबमधल्या कुणाची बंदूक चालेल हे आठवडाभर आधी विचारून ठेवा, एकदा तिच्यावर वीस शॉट मारून बघा, आणि तीही कंट्रोलकडून तपासून घ्या. मॅच चालू असताना ओळखी काढायला वेळ नसतो.

बिघाड झालाच तर नळी टार्गेटकडेच ठेवायची, हात वर करायचा, रेंज ऑफिसरला बोलवायचं. अडकलेला पेलेट (छर्रा) बघायला बंदूक स्वतःकडे वळवणारी मुलं दर सीझनला भेटतातच. त्यांना मी आधी ओरडतो, मग समजावतो. परवानगी मिळाली की सेफ्टी फ्लॅग (बंदूक रिकामी असल्याची नळीतली खूण) घालूनच बंदूक लाइनवरून हलवायची. आणि घड्याळ बघून ठेवा, किती वाजता थांबलात ते ऑफिसरला नीट सांगता यायला हवं.

पावसाळ्यात एक काम वाढतं. वरळीला समुद्राची खारी हवा, घरी भिंतींना ओल. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण लोकलमधून भिजून आलेली केस तशीच बंद ठेवून झोपू नका. उघडा, पुसा, पंख्याखाली राहू द्या. स्पर्धा बालेवाडीला असेल तर हे आदल्या रात्री पुण्यात पोहोचल्यावरही करायचं, कितीही दमलात तरी.

घरी परतल्यावर डबीतून काय वापरलं ते त्याच रात्री वहीत लिहा आणि मागवा. माझ्या वहीत सध्या दोन सील आणि चार नंबरची ॲलन की येणे दिसतेय. की हरवलेली नाही, मुलुंडच्या एका पोराकडे मार्चपासून आहे.